बायबलचे सहा दिवस आणि विज्ञानाची गृहीतकं: दोन्ही श्रद्धाच का?

नाही. देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं असं बायबल सांगतं, तर विज्ञान दगडांचं वय किरणोत्सारी क्षयावरून, म्हणजे अणू हळूहळू दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात त्यावरून काढतं. ‘या क्षयाचा वेग कायम होता हे शास्त्रज्ञही मानूनच चालतात ना?’ या प्रश्नात अर्धं तथ्य आहे. गृहीतक असतंच, फक्त ते तपासता येतं.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा बेसाल्ट घ्या, सहा कोटींहून जास्त वर्षांचा. अशा दगडात पोटॅशियम-४० चा आर्गॉन-४० होत जातो (अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं). साठलेला आर्गॉन मोजून वय काढतात. पावसापाण्याने सडलेला तुकडा घेतला तर वायू निसटलेला असतो आणि वय कमी येतं, म्हणून आतला ताजा दगडच लागतो. पडताळणीला झिरकॉन या खनिजाचे कण. त्यांत युरेनियमच्या दोन प्रकारांची दोन घड्याळं चालतात, ४४७ कोटी आणि ७० कोटी वर्षं अर्धायुष्याची. वेग मनमानी बदलला असता तर ती जुळली नसती. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या झिरकॉनवरून मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. वय काढायची कार्बन-१४ ही दुसरी पद्धत इथे आणूच नका. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ते निकामी.

आणि सगळे ख्रिस्ती सहा दिवस शब्दशः घेत नाहीत. जगाची निर्मिती इ.स.पू. ४००४ मध्ये झाली हा आकडा आर्चबिशप अशर यांचा, १६५० चा. वसई-वांद्र्यातले बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक, त्यांच्या चर्चची तशी सक्ती नाही. विश्वाची सुरुवात महास्फोटातून (बिग बँग) झाली ही मूळ कल्पनाच कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांची (१९३१). १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी तिचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच.