पावसाळ्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची चाचणी

जून ते सप्टेंबर नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्याच्या दमट हवेत मॉलिब्डेनम डायसल्फाइडची (हे कोरडं, घन वंगण) फिल्म उघड्यावर घासून तपासू नकोस. कोरड्या नायट्रोजनमध्ये तिचा घर्षणांक ०.०५ च्या खाली येतो. दमट हवेत सहज ०.१५ वर जातो आणि फिल्म भराभर झिजते. कोटिंगला दोष देऊ नकोस, दमट हवा हे त्याचं कारण. पिन-ऑन-डिस्कला (फिरत्या चकतीवर गोळी दाबून घर्षण मोजणारं यंत्र) झाकण बसव, नायट्रोजन सोड, आर्द्रता ५ टक्क्यांखाली आल्यावरच मोटर चालू कर. घर्षणांकाच्या आलेखावर आर्द्रता लिहिलीच पाहिजे. त्याशिवाय तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

फिल्म झिजण्याऐवजी पापुद्रे निघून सुटत असेल तर आधी कोटिंगपूर्वीची चकतीची सफाई बघ. अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, अल्ट्रासोनिकमध्ये १०-१० मिनिटं; नायट्रोजनने सुकवून लगेच कोटिंगच्या चेंबरमध्ये. उघड्या बोटांचा तेलकटपणाही पुरतो चिकटण बिघडवायला. फिल्म नीट चिकटावी म्हणून तिच्याखाली ५०-१०० नॅनोमीटर टायटॅनियमचा थर दे.

चाचणीत ६ मिलीमीटर व्यासाची पोलादी गोळी, पोलादी चकती, ५ न्यूटन लोड: स्पर्शाच्या मध्यावरचा दाब सुमारे १.१ गिगापास्कल. लोड दुप्पट केलास तरी दाब फक्त २६ टक्के वाढतो, हे ध्यानात ठेव.

चाचणीनंतर गोळी न पुसता मायक्रोस्कोपखाली धर. राखाडी, चकचकीत थर सलग बसलेला दिसला तर वंगण नीट लागलंय. तपकिरी भुकटी दिसली तर पोलाद उघडं पडलंय.