लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत एक फोन जोडला की सगळ्यांचं वायफाय का रखडतं?

तुम्ही लिहिलंय की ३० लेकरं एका राउटरवर आहेत आणि दगडी भिंतीपलीकडच्या खोलीतला एक जुना फोन जोडला की सगळ्यांचे व्हिडिओ अडकतात. जास्त स्पीडचा प्लॅन घ्यायच्या आधी थांबा, दोष बहुधा लाइनचा नाही.

वायफाय प्रत्येकाला पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवायची सारखी पाळी देतं, सारखा वेळ नाही. ५४ एमबीपीएसने (सेकंदाला ५४ मेगाबिट) जोडलेला फोन आपलं पॅकेट चटकन संपवतो. भिंतीपलीकडे सिग्नल क्षीण, म्हणून ६ एमबीपीएसनेच जोडलेल्याला तेवढ्याच पॅकेटला नऊपट वेळ लागतो. दोघंच असले तरी दहातले नऊ भाग वेळ हळू फोन खातो, आणि ढोबळ हिशोबाने दोघांनाही ५.४ एमबीपीएसच मिळतात. टँकरवर प्रत्येकाला एकेक घागर भरायची पाळी असावी, अन् एकाच्या घागरीचं तोंड अगदी बारीक असावं, तसं.

वेळच सारखा वाटला तर वेगवान फोनला २७ एमबीपीएस, हळू फोनला ३. मला हीच वाटणी न्याय्य वाटते. बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एअरटाइम फेअरनेस’ नावाने ही सोय असते, ती चालू करा. राउटरजवळ बसणाऱ्यांना वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर हलवा.

पण त्या खोलीतल्या लेकराला ३ वर सोडून देऊ नका. तिथपर्यंत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) लावा, वेगळ्या चॅनलवर. सिग्नल पुढे ढकलणारा साधा बिनतारी रिपीटर नको. तो प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा पाठवतो.