प्लेस्टेशन तर घेतलं, आता सोबत काय काय घ्यायचं?

दिवाळीचा बोनस झाला की आणि शाळांचे निकाल लागले की ठाण्याच्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलाला प्लेस्टेशन घेतलंय. आता गेम कोणते घेऊ? आणि ते हेडफोन, चार्जिंग स्टँड, मेंबरशिप... काय लागतं, काय नाही?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. आई शेजारी बसून 'मी आधीच नको म्हणत होते' अशा चेहऱ्याने ऐकत असते. खरं तर हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा. तरी लोक तो माझ्याकडे आणतात, कारण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो: काही चुकीचं घेतलं आणि पोरगं हातचं गेलं तर? हे इतक्यांदा ऐकलं आहे की एका कुटुंबाच्या निमित्ताने लिहूनच टाकते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

संदीप आणि मेघना घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे राहतात. मुलगा अथर्व नववीत. तक्रार अशी की कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं ते प्लेस्टेशनचं यंत्र) घरी आल्यापासून अथर्वने बोलणंच टाकलं आहे. मी विचारलं, "खूप खेळतो का?" तर मेघना म्हणाली, "खेळतो कुठे? डबा अजून फोडलेलाच नाही. कपाटावर आहे."

संदीप एका कंपनीत खरेदी विभागात आहेत. त्यांनी बॅगेतून कागद काढला. ऑफिसात कोटेशनं मागवून तुलनेचा तक्ता करतात, तसा तक्ता होता: वीसेक गेम, त्यांच्या किमती, वयोगट, लोकांचे अभिप्राय, आणि खाली जोडसामानाची वेगळी यादी. शेवटचा रकाना शेऱ्यांचा.

"या यादीचा पूर्ण अभ्यास झाल्याशिवाय उघडायचा नाही असं ठरवलंय," ते म्हणाले. "एकदा उघडला की गेलं हातातून."

"काय गेलं?"

ते थांबले. उत्तर मेघनाने दिलं. "मुलगा. दुसरं काय."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत तयार झालेली. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली आणि मराठीतून समजावली, त्याचं ऋण माझ्यासारख्या अनेकांवर आहे. या पद्धतीत आम्ही माणसाची इच्छा आणि त्याचा हट्ट वेगळा करून बघतो. मुलाचं नुकसान होऊ नये ही संदीप यांची इच्छा अगदी रास्त होती. पण त्या इच्छेच्या पाठीमागे एक हट्ट उभा होता: माझी निवड कणभरही चुकता कामा नये. तशी हमी कोणताच तक्ता देत नाही, म्हणून तक्ता वाढत गेला आणि डबा कपाटावर राहिला. अथर्वला त्यातून एवढंच कळलं की बाबांचा आपल्यावर विश्वास नाही.

पुढच्या भेटीत अथर्व एकटाच आला. खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"तुला कुठला गेम हवाय?"

"जीटीए." म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो', गुन्हेगारी आणि गोळीबाराचा गेम.

"का रे?"

"सगळ्यांकडे आहे."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

त्याने बोटांवर मोजले. तीन मुलं निघाली.

"त्यातले तुझे मित्र किती?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मित्र असे नाहीत. पण मधल्या सुट्टीत ते तेच बोलत असतात."

इथे मी नेहमी थांबते आणि पालकांनीही थांबावं असं मला वाटतं. मूल एखाद्या गेमचं नाव घेऊन हटून बसतं तेव्हा त्याला त्या गेममधलं काय हवंय हे विचारायच्या आधीच आपण नकार तरी देतो किंवा पैसे तरी. अथर्वला गोळीबार नको होता. त्याला मधल्या सुट्टीत बोलायला विषय हवा होता. आठवीतून नववीत जाताना तुकड्या बदलल्या होत्या आणि त्याची जुनी संगत तुटली होती. घरात हे कोणाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या भेटीला तिघंही होते. संदीप यांची यादी मी अथर्वच्या हातात दिली आणि मोठ्याने वाच म्हटलं. त्याने ती पहिल्यांदाच पाहिली होती. जोडसामानाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता बाहेरचा आवाज बंद करणारा महागडा हेडफोन. शेरा: 'घरात आवाजाचा त्रास नको'. मग हेडफोनचा स्टँड, चार्जिंग डॉक, बेडरूमसाठी बत्तीस इंची टीव्ही. अगदी तळाला 'दुसरा कंट्रोलर', म्हणजे हातात धरून खेळायचं बटणांचं साधन. त्यापुढचा शेरा वाचताना अथर्वचा आवाज बदलला.

"'गरज नाही. एकच मुलगा.' बाबा, हे काय लिहिलंयस?"

"अरे, खेळणारा तू एकटाच ना?"

"मग ओंकार आला तर?"

मेघना चमकली. "ओंकार? तो कुठे येतो आता?"

"तुकडी बदलली ना त्याची. पण बोलावलं तर येईल. त्याला फुटबॉलचा गेम आवडतो."

मी काहीच बोलले नाही. संदीप यांनी कागद परत घेतला आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. खरेदीतला माणूस, कागद वाचायची सवय असलेला. त्यांना जे दिसलं ते मला पहिल्या भेटीतच दिसलं होतं, पण ते त्यांच्या मुलाच्या तोंडून त्यांच्यापर्यंत जावं म्हणून मी थांबले होते. बंद बेडरूम, वेगळा टीव्ही, कानावर हेडफोन, आत एकटा मुलगा. ज्या चित्राने त्यांची झोप उडवली होती, तेच चित्र त्यांनी ओळीने किमतींसकट विकत घ्यायला काढलं होतं.

"पेन आहे का मॅडम?" त्यांनी विचारलं. टीव्ही आणि हेडफोन खोडला. दुसऱ्या कंट्रोलरला वर नेऊन 'एक' आकडा घातला. शेराही खोडला, आणि त्या जागी काय लिहायचं ते न सुचून मोकळा ठेवला. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण फार वाट्याला येत नाहीत, आणि माझा या पद्धतीवरचा विश्वास अशाच क्षणांवर उभा आहे.

आता तुमच्या घराचं बोलू.

पहिलं जोडसामान म्हणजे दुसरा कंट्रोलर. महाग असतो, म्हणून लोक तो टाळतात आणि त्याच पैशात आणखी दोन गेम आणतात. माझ्या मते हा हिशेब चुकतो. शेजारी बसून दोघं खेळले की हरणं, चिडणं, पुन्हा खेळणं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत होतं. जुन्या प्लेस्टेशनचा, म्हणजे पीएस फोरचा कंट्रोलर पडून असेल तर तो आताच्या पीएस फाइव्हवर फक्त पीएस फोरच्या गेमना चालतो, नव्यांना नाही, एवढं लक्षात ठेवा. त्यानंतर एक चांगला स्पाइक गार्ड घ्या, पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी येते-जाते ते सांगायला नको. बाकी सगळं थांबू शकतं. कंट्रोलर साध्या केबलने कन्सोललाच चार्ज होतो, डॉक लागत नाही. जागा भरली तर खेळून झालेला गेम काढून टाका, मुलाने केलेली प्रगती पीएस फाइव्हवर वेगळी साठवलेली राहते. मेंबरशिपही लगेच नको. विकतचे गेम ऑनलाइन खेळायला ती लागते, एका सोफ्यावर बसून खेळायला लागत नाही.

गेम सुरुवातीला दोनच घ्या. एक मुलाच्या पसंतीचा, एक घरात मिळून खेळायचा. पीएस फाइव्हमध्ये 'अॅस्ट्रोज प्लेरूम' आधीपासूनच असतो, तो संपेपर्यंत घाई करू नका. मिळून खेळायला फुटबॉल किंवा क्रिकेटचा गेम आपल्या घरांत पटकन रुळतो, कारण नियम बाबांनाही माहीत असतात. 'ओव्हरकुक्ड'मध्ये सगळ्यांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं असतं, त्यात आया मुलांपेक्षा सहज सरस ठरतात. २०२१ साली आलेला 'इट टेक्स टू' तर एकट्याला खेळताच येत नाही, दोघं लागतातच. फक्त त्याची गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईवडिलांची आहे. घरात तसा ताण असेल तर आधी तुम्ही स्वतः बघून घ्या. कन्सोलला डिस्क ड्राइव्ह असेल तर डिस्कच घ्या, जुनी झाली की विकता किंवा बदलून घेता येते. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही.

डिस्कच्या वेष्टनावर वयाचा आकडा असतो. युरोपच्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६, १८ असे गट आहेत. अमेरिकेच्या ईएसआरबीमध्ये 'ई', 'टी', 'एम' अशी अक्षरं, 'एम' म्हणजे १७ आणि त्यापुढचे. हा आकडा गेम किती अवघड आहे ते सांगत नाही, आत काय दिसेल ते सांगतो. जीटीए पेगीनुसार १८चा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला तो नाकारताना एकदाच, शांतपणे, कारणासकट नाकारा. अथर्वला संदीप म्हणाले, "अठरा झाल्यावर तुझा तू ठरव. आज दुसरा कुठलाही मागितलास तर आपण दोघं बसून बघू." त्याने फुटबॉलचा मागितला.

त्या फुटबॉलच्या गेममध्येच एक फट आहे, आणि सभ्य दिसणाऱ्या गेममध्ये ती असते म्हणून पालक गाफील राहतात. आत खऱ्या पैशांनी पाकिटं विकत मिळतात, आणि पाकिटात कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं आणि त्यानंतर २०१९ मध्ये फुटबॉलच्या गेमची कंपनी तिथे त्यासाठीचे पॉइंट विकायची थांबली. तुमचं कार्ड कन्सोलवर साठवू नका. मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली उघडा, त्यात खर्चाची मर्यादा, वयोगट आणि रोजचा वेळ ठरवायची सोय आहे. ही मर्यादा मुलासमोर बसून, आकडा त्याला विचारून घाला. चोरून घातलेली मर्यादा सापडली की मूल पुढची गोष्ट चोरून करतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

वेळ मिनिटांत न मोजता सामन्यांत मोजा. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. जेवायला हाक मारताना 'आत्ताच्या आत्ता बंद कर' म्हटलं की भांडण ठरलेलं. 'हा सामना झाला की ये' म्हटलं तर बहुतेक मुलं येतात. कन्सोल हॉलमध्येच ठेवा. आजीच्या मालिकांची वेळ आणि खेळाची वेळ यांची वाटाघाटी होऊ द्या, त्यातही मूल काही शिकतं.

व्यसनाची भीती बाळगणाऱ्यांना एक गोष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ते वर्गीकरण २०२२पासून लागू आहे. त्यात नुसत्या तासांना महत्त्व नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही ते वाढतच जाणं, असं साधारण वर्षभर चाललं तर विचार होतो. सुट्टीत चार तास खेळलेलं मूल त्यात बसत नाही. झोप, शाळा, मित्र आणि जेवण हे सगळं एकदम ढासळताना दिसलं तर मात्र वर्षभर वाट न बघता तज्ज्ञाकडे जा.

संदीप यांचा एप्रिलमध्ये फोन आला. ओंकार पुण्याला राहायला गेला होता आणि दोघांना आता ऑनलाइन खेळायचं होतं, म्हणून अथर्वने हेडफोन मागितला होता. "घेऊ का?" मी म्हटलं, "आता घ्या, आणि मेंबरशिपही घ्या. बोलण्याची सेटिंग 'फक्त मित्र' यावर ठेवा, आणि पहिले काही दिवस ओंकारचा आवाज टीव्हीच्या स्पीकरवर येऊ द्या. मेघनाला सांगा, त्याच्या आईची खुशाली त्यालाच विचार."