विकसनशील देशांत एचआयव्हीची सेवा सुधारायची, तर संशोधनही तिथेच का उभारावे लागते?

औषधे बाहेरून आणता येतात, तर संशोधनाचे निष्कर्षही का आणू नयेत, हा प्रश्न रास्त आहे. परंतु काही प्रश्न श्रीमंत देशांत कोणाला पडतच नाहीत. डॉक्टर अपुरे आणि दवाखाना लांब असताना उपचार घरीच पोहोचवले तर चालेल का, याची रीतसर चाचणी युगांडातील जिंजा येथे 2005 ते 2009 या काळात झाली. प्रशिक्षित कार्यकर्ते दरमहा मोटारसायकलवरून औषधे घेऊन घरी जात, लक्षणांची विचारपूस करीत आणि गरज भासली तर रुग्णाला दवाखान्यात पाठवीत. परिणाम दवाखान्यातील उपचारांइतकेच चांगले आढळले.

युगांडा आणि झिंबाब्वेतील सुमारे 3,300 रुग्णांच्या ‘डार्ट’ चाचणीत तर एका गटाचे सीडी4 (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची संख्या) अहवाल डॉक्टरांना मुद्दामच दिले जात नव्हते. पाच वर्षांनी त्या गटातील 87 टक्के, तर नियमित अहवाल मिळणाऱ्या गटातील 90 टक्के रुग्ण हयात होते. फरक आहेच, परंतु प्रयोगशाळा नाही म्हणून उपचारच अडवून ठेवावेत, एवढा तो खचित नाही.

अशा चाचण्यांसाठी यंत्रांपेक्षा माणसे घडवणे अवघड, असे माझे मत आहे: संख्याशास्त्रज्ञ, नोंदी काटेकोर ठेवणारे कर्मचारी, आणि प्रायोजकालाही नकार देऊ शकेल अशी नीतिसमिती. पुण्यात 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली होती, म्हणूनच लवकर उपचारांमुळे जोडीदाराला होणारी लागण रोखता येते हे दाखवणाऱ्या बहुदेशीय चाचणीत पुण्यालाही सहभागी होता आले.