टबात म्हैस नाही

'अक्का, मुलगा आठ वर्षांचा. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावातनं गेल्या जूनमध्ये त्याला कोल्हापुरात इंग्रजी शाळेत घातलं. शाळेनं बुद्ध्यांक काढून घेतला, ७८ आला. आता दुसरी शाळा बघा म्हणतात. चित्रातल्या टबात काय नाही विचारलं तर हा म्हणाला, म्हैस. ह्यांनी चेष्टेनं त्याला अठ्ठ्याहत्तर म्हणायला सुरुवात केलीय. पोरगं खरंच मंद आहे का?'

ताई, म्हशीपाशी मी हसले, मग माझंच मला वाईट वाटलं. तुमच्या दारात हौद असणार, आणि त्यात तोंड घालणारी म्हैस. न्हाणीत टब बघितलेल्या पोराला तोटी नाही हे दिसतं, तुमच्याला म्हैस नाही हे दिसलं. नजर दोघांची शाबूत. गुण मात्र एकालाच.

१९०५ मध्ये पॅरिसात बिने आणि सिमाँ यांनी ही चाचणी काढली ती शाळेत कुणाला जादा मदत लागेल ते हुडकायला. पोराला दुसरीकडं धाडायला नव्हे! पुढं पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं लाखो सैनिकांना अशाच चाचण्या दिल्या, त्यात तिथल्या बाजारातल्या मालाविषयीही प्रश्न होते. परदेशातनं आलेले त्यात मागं पडले, आणि ठपका बसला त्यांच्या रक्तावर. आपल्याकडं डॉ. कामतांनी १९३०च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली ती उगाच नाही.

तेव्हा शाळेला लेखी विचारा: चाचणी कुठली, कुठल्या भाषेत घेतली, भारतीय मुलांच्या सरासरीशी ताडली का, आणि भाषेचे व हातानं करायच्या कामांचे गुण वेगवेगळे किती. हे दोन आकडे लांब असतील तर एकट्या ७८ला फारसा अर्थ नाही. एरवीही चार-पाच गुण इकडंतिकडं होतातच. शक्य तर मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडनं पुन्हा करून घ्या, आणि त्याआधी डोळे-कान तपासा.

पण अहवाल चुलीत घालू नका. आजोबांच्या गुऱ्हाळावर गुळव्याच्या आधी पोरगं 'आता काहील उतरा' म्हणतं, असं तुम्ही लिहिलंय. कौतुक आहे, पण त्यावरनं त्याला वाचायला जड जात नाही असं मी म्हणणार नाही. अडत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

शाळा काढून टाकायची भाषा करत असेल तर शांतपणे सांगा, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला काढता येत नाही.

आणि दादा, तुम्हीही हे वाचत असाल. ती हाक आजपासून बंद करा. अहवालावर पोराचं नाव छापलंय, तेच वापरा.

— अक्का