मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पितळी चकत्यांनी हिशेब कसा करत?

चकत्यांवर आकडा नसे. चकती कोणत्या रकान्यात ठेवली यावरच तिची किंमत ठरे: पेनीच्या रकान्यात 1 पेनी, शेजारी 1 शिलिंग, त्यापलीकडे 1 पौंड. 12 पेनींचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड, त्यामुळे प्रत्येक रकान्याचा हातचा वेगळा.

समजा, 3 पौंड 7 शिलिंग 8 पेनी मांडले आहेत आणि त्यात 1 पौंड 15 शिलिंग 9 पेनी मिळवायचे आहेत. सगळ्या चकत्या आपापल्या रकान्यात सरकवा. पेनीत 17 झाल्या; 12 उचला, शिलिंगमध्ये 1 ठेवा, मागे 5 उरल्या. शिलिंग आता 23. 20 उचलून पौंडात 1 टाका. उत्तर 5 पौंड 3 शिलिंग 5 पेनी. वजाबाकीत उलट: पेनी कमी पडल्या तर एक शिलिंग उचलून 12 पेनी मांडायच्या.

नवशिका हमखास चुकतो तो इथेच, सवयीने 10 चा हातचा घेतो. दुसरी अडचण जास्त गंभीर: चकत्या हलल्या की मूळ रकमा पुसल्या जातात, पडताळणीला काही उरत नाही. म्हणून रकमा चर्मपत्रावर आणि खाचा पाडलेल्या लाकडी काठ्यांवर वेगळ्या नोंदलेल्या असत.

राजाच्या खजिन्यात यासाठी सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद मेज होतं. त्यावर रेघांनी चौकटी आखलेलं काळं कापड असे आणि चकत्या घरंगळू नयेत म्हणून कडा चार बोटं उंच. या चौकटींवरूनच खात्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडलं. इंग्लिश चकत्यांना बरेचदा मधोमध भोक दिसतं. चांदीचा मुलामा देऊन त्या पेनी म्हणून खपवू नयेत, यासाठी ते पाडलं असावं.