करप्रश्न : दोन्ही कंपन्यांचा टीडीएस शून्य, तरी कर ९७,५००

प्रश्न : ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरी बदलली. आधी महिना १ लाख पगार होता, आता दीड लाख. टीडीएस दोन्हीकडे शून्य. रिटर्न भरताना मात्र पोर्टल ९७,५०० रुपये कर आणि वर व्याज दाखवतंय. चूक कुणाची? (वाचक, ठाणे)

उत्तर : पोर्टल बरोबर आहे. जुन्या कंपनीने वर्षाचा पगार १२ लाख धरला आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट (कर माफी) मिळते, म्हणून कर शून्य. नव्या कंपनीला दिसले ते तिच्याकडचे सहा महिने, ९ लाख. तिनेही तीच वजावट आणि तीच सूट पुन्हा दिली.

खरं उत्पन्न १५ लाख आणि वजावट वर्षाला एकदाच. उरले १४.२५ लाख. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. बेरीज ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस.

रुजू होताना सह्यांसाठी जो गठ्ठा पुढे येतो, त्यात फॉर्म १२बी असतो. जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर त्यात लिहायचा असतो. बहुतेक जण तो कोरा सोडतात. भरला असता तर नव्या कंपनीने दरमहा साधारण १६,००० कापले असते आणि व्याज टळलं असतं.

आता व्याज. बाकी १०,००० च्या वर असल्याने कलम २३४बी खाली एप्रिलपासून दरमहा १ टक्का. जुलैत भरलंत तर ३,९००. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, त्यामुळे १ ऑगस्टला भरलंत तर आणखी ९७५. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचे २३४सी खाली ४,९२० वेगळे.

भरताना ई-पे टॅक्समध्ये कर निर्धारण वर्ष २०२६-२७ आणि सेल्फ असेसमेंट टॅक्स (३००) निवडा. नव्या आयकर कायद्यातलं ‘कर वर्ष २०२६-२७’ हे त्यापुढचं, एप्रिल २०२६ पासूनचं वर्ष आहे, आकडा सारखा दिसतो म्हणून गफलत होते. चलनाचा नंबर आणि त्यावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक) रिटर्नमध्ये आल्याशिवाय ‘सबमिट’ दाबू नका.

प्रश्न : भाडेपावत्या द्यायच्या राहिल्या, मार्चच्या पगारातून जादा कर कापला गेला. कंपनी परत देईल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, तो सरकारजमा झाला. रिटर्नमध्ये घरभाडे भत्त्याची सूट स्वतः मागा. ती फक्त जुन्या प्रणालीत मिळते आणि मुदत उलटली की जुनी प्रणाली निवडता येत नाही. आकडा फॉर्म १६ शी (कंपनीने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला) जुळणार नाही, तेव्हा विचारणा होऊ शकते. भाडेकरार आणि बँकेतून दिलेल्या भाड्याची नोंद जवळ ठेवा. भाडं वर्षाला १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही लागेल. कापलेला कर २६एएस मध्ये (तुमच्या नावे जमा कराचा पोर्टलवरचा तक्ता) दिसतोय ना, ते आधी बघा.

परतावा अडकतो तो बहुधा बँक खातं पोर्टलवर प्रमाणित नसल्याने किंवा रिटर्न ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) न केल्याने. वेळेत रिटर्न भरलं आणि परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी नसेल, तर एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. ते व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं.